गाडीची चमक : पॉलिश खर्च करते, मेण राखते

मोताळ्याच्या व्यापाऱ्याची गाडी ही केवळ शोभेची वस्तू नसते. माल घेऊन ती कधी राजूर घाट चढून बुलढाण्याला जाते, तर कधी मलकापूरला उतरते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर, रस्त्यावर काळ्या मातीची धूळ आणि धुवायला बोअरचे जड पाणी, एवढे सोसून काही वर्षांतच रंग फिका पडतो. पुढे गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक इंजिन ऐकण्याआधी रंग पाहते आणि त्यावरून भाव पाडते. म्हणून गाडीचा रंग हेही व्यापाऱ्याचे भांडवलच आहे, असे आम्ही मानतो. ते घरच्या घरी कसे राखावे, याची माहिती येथे देत आहोत.

पॉलिश व मेण यांतील फरक

बाजारात दोन्ही डब्या शेजारी मांडलेल्या असतात, म्हणून अनेकांना त्या एकच वाटतात. पॉलिशमध्ये अतिशय बारीक खर असते. ती रंगाचा वरचा थर किंचित घासून ओरखडे सपाट करते आणि चमक येते. रबिंग कंपाउंड हे त्याहून खरखरीत. मेण काही काढत नाही. ते रंगावर पातळ थर होऊन बसते आणि ऊन, पाणी व पक्ष्यांची विष्ठा यांचा मार स्वतःवर घेते. चांगल्या मेणात ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे मेण असते. ते ८० अंशांच्या वर वितळते, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांतच वितळते.

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला काही भाग कायमचा जातो. तो संपला की पॉलिश उपयोगाचे नाही, नवा रंगच मारावा लागतो. जुन्या अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनीवर असा वेगळा थर बहुधा नसे, म्हणून त्या घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो.

घरी करावयाची रीत

काम सावलीत, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. पत्र्याला हात टेकत नसेल तर सुरुवातच करू नये.

१) आधी नुसत्या पाण्याने माती भिजवून वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीच्या शॅम्पूचे पाणी व दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. टपापासून खाली धुवावे.

२) पाणी अंगावर वाळू देऊ नये. जड पाण्यातील क्षार पांढरे डाग सोडतात. मऊ, स्वच्छ कापडाने लगेच टिपून घ्यावे.

३) ओरखड्यावर नख फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा खोल आहे. पॉलिशने जाणार नाही, ते पेंटरचे काम आहे. नख अडकले नाही तरच पॉलिश हाती घ्यावे. आधी कोपऱ्यात लहान जागेवर करून पाहावे, मग एकेक फुटाचा भाग घेऊन हलक्या हाताने करावे. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, तेथे जोर देऊ नये. काळ्या प्लास्टिकवर चिकटपट्टी लावावी.

४) शेवटी मेण. थर जितका पातळ तितका चांगला. जाड लावल्याने चमक वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. धुरकट वाळले की स्वच्छ कापडाने पुसून काढावे.

पाणी टाकल्यावर त्याचे थेंब गोल उभे राहिले तर मेण शाबूत आहे. पाणी पसरून बसले तर पुन्हा लावावे. आपल्याकडच्या उन्हात कार्नोबा मेण दीड-दोन महिन्यांपेक्षा फारसे टिकत नाही. पॉलिश मात्र वर्षातून एकदा, तेही गरज असेल तरच.

हे टाळावे

कोरड्या फडक्याने धूळ झटकू नये. धुळीत वाळूचे कण असतात, तेच ओरखडे पाडतात. डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवल्याने घटकाभर चकाकी येते, पण तेलावर धूळ चिकटते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात. भांड्यांचा साबण आधी लावलेले मेणही धुऊन नेतो.

कारागीर बांधवांना

डेंटिंग-पेंटिंगचे काम करणाऱ्यांना आमची विनंती आहे की, गिऱ्हाईक दर सणाला रबिंग मागत असले तरी मेणाने भागत असेल तर तसे सांगावे. आजची मजुरी थोडी कमी होईल, पण गाडी टिकेल आणि गिऱ्हाईकही टिकेल. कोणत्या गाडीला कधी रबिंग केले हे वहीत लिहून ठेवावे. नवा रंग मारल्यावर किमान महिनाभर मेण लावू नये, कारण आतला थिनर पूर्ण उडून जावा लागतो.

गाडी विकताना तेलकट पॉलिशने ओरखडे बुजवून देण्याची चाल सर्रास दिसते. दोन-चार धुलाईत ते पुन्हा उघडे पडतात आणि त्यांच्याबरोबर विकणाऱ्याची पतही. ऐब सांगून, मेण लावून, स्वच्छ गाडी समोर ठेवणारा व्यापारी पुढच्या सौद्याला लोकांच्या लक्षात राहतो.