आधी परवानगी, मग आकडे

कोव्हॅक्सिन या कोविड लसीचं मूळ पुण्याचं. तिच्यासाठीचा विषाणू तिथल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता. ३ जानेवारी २०२१ रोजी लसीला आपत्कालीन परवानगी मिळाली, तेव्हा सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरूच होती. परिणामकारकतेचा एकही आकडा जाहीर झालेला नव्हता. शास्त्रज्ञांनी तो मागितला, आणि ते रास्तच होतं. प्रश्न विचारणाऱ्यांवर मात्र राजकारणाचा शिक्का बसला. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं, तेव्हा ही लस टोचून घेण्याआधी वेगळ्या संमतीपत्रावर सही करावी लागे. मार्चमध्ये अंतरिम आकडा आला, ८१ टक्के; नंतरचा अंतिम आकडा ७७.८. लस उपयुक्त ठरली, म्हणून आधीची घाई योग्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता तर थेट ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली.