०.९३९ सेकंदाची शर्यत

सोनाळ्याहून संग्रामपूरकडे दुचाकीवर निघालात आणि वारा समोरून आला, की मान आपोआप खाली जाते. वेग दुप्पट, तर हवेचा अडथळा चौपट. रेसिंग कारला मात्र वळणावर टायर घट्ट धरायला पंखांनी खाली दाबणारी हवाही लागते. हा दाब अडथळा फार न वाढवता मिळवायचा, खरी मेख इथेच.

फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या ‘व्हीजेएम०२’ गाडीला ते लांब सरळ पट्ट्यांच्या बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर साधलं. ३० ऑगस्ट २००९ रोजी तिचा चालक जियानकार्लो फिजिकेला पहिल्या क्रमांकावरून सुटला. गाड्यांचा वेग रोखून धरणारी सेफ्टी कार बाजूला होताच किमी रायकोननच्या फेरारीने ब्रेकमधून साठवलेली जादा ताकद वापरून त्याला मागे टाकलं. फिजिकेलाकडे ती सोयच नव्हती! तरी ४४ फेऱ्यांनंतर अंतर फक्त ०.९३९ सेकंद. संघाचे हे पहिलेच गुण. गाडी मात्र इंग्लंडात घडलेली, इंजिन मर्सिडीजचं. भारतीय होता तो मालकीतला वाटा.