पट्टीतली हरवलेली ओळ

काही वर्षांपूर्वी हरभऱ्याचा हंगाम ऐन भरात असताना जळगावच्या दाणाबाजारातील एका आडत दुकानात धरणगावकडच्या एका शेतकऱ्याच्या हाती जी हिशोबपट्टी पडली, तीत 12 आणि 9 क्विंटलांच्या दोन ओळी होत्या. मुनीमजींनी त्याच्या देखत संगणकावर लिहिलेली 7 क्विंटलांची तिसरी ओळ मात्र नव्हती. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये पट्टी भरण्याचा फॉर्म, म्हणजे वर नाव-गावाचा मुख्य फॉर्म आणि त्यात ओळींचा सबफॉर्म, मीच बांधून दिला असल्याने फिर्याद माझ्याकडे आली. "भाऊ, ओळ पडद्यावर आहे, कागदावर नाही. मशीन थकलं का?"

यंत्र मंद झाले की असे होते, हा या विषयातील सर्वांत रूढ समज. वस्तुतः त्या तिसऱ्या ओळीच्या डाव्या कडेला पेन्सिलीचे चिन्ह स्पष्ट दिसत होते, आणि जोवर ती पेन्सिल आहे तोवर ओळ टेबलात उतरलेली नसते. छापील पट्टी टेबल वाचते, पडदा नव्हे. सबफॉर्मच्या तळाची बेरीजदेखील उतरलेल्या ओळींचीच असते, म्हणून पडद्यावरही 28 ऐवजी 21 हाच आकडा होता. नव्या यंत्राने तीच अपुरी पट्टी अधिक चपळाईने छापली असती, इतकेच. माऊसने मुख्य फॉर्मवरील बटन दाबले की पट्टी पुरी येई, कारण सबफॉर्मबाहेर पाऊल टाकताच चालू ओळ आपोआप जतन होते. पण मुनीमजींच्या सोयीसाठी मी छपाई कीबोर्डवरच्या एका कळीवरही बसवली होती, आणि कळ दाबताना ते त्या ओळीतच उभे असत. एकदा बरोबर, एकदा चूक, असा हा प्रकार पाहून कोणालाही तो वेळेचा खेळ वाटावा, यात नवल नाही.

उलट बाजूचा समज असा, की जतन करण्याचा हुकूम दिल्याखेरीज वरच्या भागातील नाव-गाव-तारीख कोठेच नोंदली जात नाही. प्रत्यक्षात मुख्य फॉर्ममधून सबफॉर्ममध्ये शिरताक्षणीच ते रेकॉर्ड नोंदले जाते, कारण खालच्या ओळीला जोडून घ्यायला वरचा क्रमांक आधी अस्तित्वात असावा लागतो. वर्षअखेरीस दप्तरात ज्या ओळींविना पट्ट्या सापडतात, त्यांचा उगम बहुधा हाच. सबब नावाची तपासणी मुख्य फॉर्मच्या 'बिफोर अपडेट'मध्येच करावी.

धुळ्यातील एका जिनिंगच्या दप्तरात मी याहून अवघड प्रकरण पाहिले. तेथे सबफॉर्म उघडताना मुख्य फॉर्मकडे शेतकऱ्याचा क्रमांक मागे आणि अडखळे. कोणी जाणत्याने त्यावर टायमर लावून अर्ध्या सेकंदाचा विसावा घालण्याची तजवीज केली होती. मालकांच्या मेजावर ती चाले. काट्यावरच्या संगणकाला मात्र टेबले तारेवरून मिळत, आणि तेथे ती फसे. मुख्य फॉर्म आधी व सबफॉर्म मागाहून, अशी आपली सहज कल्पना असते. ॲक्सेसचा शिरस्ता नेमका उलटा आहे. सबफॉर्म आपल्या नोंदींसह आधी भरला जातो, त्याचे 'ओपन', 'लोड' आणि 'करंट' उरकतात, आणि मग मुख्य फॉर्मची पाळी येते; पुढे मुख्य फॉर्म एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर गेला की सबफॉर्मचा 'करंट' पुन्हा घडतो. म्हणून मुख्य फॉर्मवर अवलंबून असलेले काम त्याच्याच 'लोड'मध्ये न्यावे, किंवा सबफॉर्मची चौकट प्रथम रिकामी ठेवून तेथेच भरावी. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि टायमर काढून टाकला.

'रिक्वेरी' हा रामबाण समजणारेही पुष्कळ. ती सारी माहिती नव्याने आणते खरी, पण माणसाला पहिल्या ओळीवर नेऊन बसवते. 'रिफ्रेश' आधीच्या ओळींतील बदल दाखवते, नव्या ओळी आणत नाही. 'रिकॅल्क' केवळ गणिताच्या चौकटी पुन्हा मांडते. बेरजेची चौकट तर इतर कामे आटोपल्यावर सवडीने भरली जाते, त्यामुळे कोडने तिच्यावर विसंबू नये. ओळ जतन करून 'डीसम'ने टेबलालाच विचारावे.

दाणाबाजारातील दुरुस्ती एका वाक्याची निघाली: छपाईच्या आधी सबफॉर्मचा 'डर्टी' गुणधर्म 'फॉल्स' करणे. त्या दिवशी मात्र तिसरी ओळ मुनीमजींनी पट्टीवर शाईने लिहून, खाली सही करून दिली. आणि अजूनही कळ दाबण्यापूर्वी ते चष्मा सावरून पेन्सिल गेली का, हे पाहतातच.