बिडाचा तवा आणि रक्तातले लोह

गेल्या श्रावणातली गोष्ट. एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून पहिलटकरीण, सहावा महिना चालू. जिना चढताना धाप लागते, पायांत गोळे येतात, दुपारच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते, अशा तक्रारी. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम निघाले. गरोदरपणात ते ११ च्या खाली जाऊ नये.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या का, असे विचारले. मिळाल्या होत्या, पण त्या डब्यातच राहिल्या होत्या. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून पंधरा दिवसांत बंद केल्या. मी काही बोलणार तोच सासूबाईंनी पिशवीतून घडी घातलेले कात्रण काढून टेबलावर ठेवले. याच सदराचे कात्रण! "डॉक्टर, तुम्हीच लिहिलं होतंत ना, लोखंडाच्या भांड्यात शिजवलं की अंगात लोह जातं म्हणून? मी मुद्दाम बिडाचा तवा आणला. दोन महिने रोज सकाळी हिला त्याच्यावरचं घावन देतेय. मग गोळ्या कशाला?"

वाक्य माझेच होते आणि त्यात खोटे काही नव्हते. पण ते एका ओळीत उरकलेले, अर्धवट होते, आणि त्याची किंमत ती मुलगी मोजत होती. म्हणून आज तव्याविषयी सविस्तर लिहितो. सुरुवात बाजारापासून करू, कारण अलीकडे बरेच जण नॉनस्टिक टाकून पुन्हा बिडाकडे वळत आहेत आणि 'तवा कसा घ्यावा' हा प्रश्न मला औषधांइतकाच विचारला जातो.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. त्यात कार्बनचे प्रमाण शंभरात दोन ते चार भाग, म्हणजे साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे बीड कडक, पण ठिसूळ. पत्र्याचा लोखंडी तवा हातातून पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर फुटतो. ॲल्युमिनियमच्या मानाने बिडातून उष्णता सावकाश पसरते, मात्र एकदा तापलेला जाड तवा ती धरून ठेवतो. गार पीठ ओतले तरी तो चटकन निवत नाही. आंबोळीला जाळी पडते ती याच जोरावर. म्हणून हा तवा मंद आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावा. घाईने मोठी आच केली तर मध्ये करपते आणि कडेला कच्चे राहते.

दुकानात गेल्यावर आधी तवा उचलून हातात धरून मिनिटभर उभे राहा. दहा इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये खांदा आखडण्याचा त्रास मी रोज पाहतो, आणि मधुमेह असेल तर तो जास्तच आढळतो. अशांनी लांब दांड्याच्या मोहात पडू नये, सगळा भार एका मनगटावर येतो. दोन कानांचा तवा दोन्ही हातांनी उचलता येतो. कान तापतात हे मात्र विसरू नये. जाड फडके नेहमी शेगडीजवळ ठेवावे, आणि ते कोरडे असावे. ओल्या फडक्यातून वाफेचा चटका बसतो. पाहुण्या बाईने सवयीने उघड्या हाताने तवा उचलला आणि तळहातावर फोड घेऊन आली, असे रुग्ण माझ्याकडे दरवर्षी येतात.

वाळूच्या साच्यामुळे पृष्ठभाग थोडा खरखरीत असणारच, त्याची काळजी नको. वापराने तो गुळगुळीत होतो. पण हवेची छिद्रे, खोल खड्डे, कडेला केसासारखी बारीक चीर नसावी. मडके पारखतो तसे नाण्याने वाजवून पाहावे. सलग तवा घणघणतो, चिरलेला बद्द वाजतो. चकचकीत काळा रंग मारलेला तवा घेऊ नये, तो रंग तापल्यावर सुटतो आणि खाण्यात येतो. तेलात भाजून काळा केलेला, 'तयार' तवाही मिळतो. तो चालतो, पण काळेपणा तेलाचा आहे की रंगाचा हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. भंगारवाल्याकडचा, पूर्वी कशाला वापरला हे ठाऊक नसलेला तवा फुकट मिळाला तरी स्वयंपाकघरात नको. बिडाच्या भांड्यात शिसे वितळवण्याचीही पद्धत होती, आणि शिसे हे मुलांच्या मेंदूला घातक विष आहे.

तवा घरी आला की त्याला तयार करणे हे खरे काम. कोकणातल्या जुन्या बायका नव्या तव्यात तांदळाची आंबलेली पेज दोन-तीन दिवस घालून ठेवत, रोज बदलत आणि काथ्याने घासत. आंबूस पेजेने गंज सैल होतो, कारखान्यातले तेल-मेणही घासताना निघून जाते. आज कोमट पाणी, थोडा साबण आणि घासणी यांनी तेच काम होते. धुऊन झाल्यावर तवा लगेच पुसून मंद आचेवर पूर्ण कोरडा करावा. मग कोमट तव्याला आत, बाहेर आणि कानांना तेलाचा हात फिरवावा. शेंगदाण्याचे, करडईचे, जे घरात असेल ते चालते. जवसाचे तेल लवकर कडक होते, पण त्याचे पापुद्रे सुटण्याची तक्रार असते. आता महत्त्वाचे: लावलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे, जणू चुकून लागले होते. डोळ्यांना दिसणार नाही इतकेच राहिले पाहिजे. तवा आचेवर ठेवावा, धूर येऊन विरेपर्यंत तापवावा आणि आपोआप निवू द्यावा. असे पाच-सहा वेळा करावे, एकाच दिवशी झाले पाहिजे असे नाही. धूर घशाला आणि छातीला त्रास देतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरात दमेकरी असेल तर त्याला तेवढा वेळ बाहेर पाठवावे.

यात होते काय? तेलाचा अगदी पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि एक कडक, काळसर कवच तयार होते. ते पाण्याने विरघळत नाही. बोट फिरवले तर तेलकट लागत नाही. चिकट लागले तर तेल जास्त झाले असे समजावे. नवशिक्यांची हमखास चूक हीच. पहिले चार-सहा घावणे तव्याला चिकटतील, तुटतील. तेव्हा नाउमेद होऊ नये. कांद्याची अर्धी फोड सुरीला टोचून तेलात बुडवावी आणि दर खेपेस तव्यावर फिरवावी. नारळाच्या शेंडीनेही तेल छान पसरते.

पुढची निगा सोपी. तवा तापलेला असताना गार पाणी ओतू नये, तडा जातो. निवल्यावर कोमट पाण्याने, लागल्यास किंचित साबणाने धुवावा, आचेवर कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावा. साबणाने तवा बिघडतो ही भीती फाजील आहे. तव्याचा खरा वैरी चिंच. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख करण्याची सवय असलेल्या मावशी बिडाचा तवाही त्याच उत्साहाने घासतात आणि महिनाभराची मेहनत पाच मिनिटांत धुऊन टाकतात. गंज चढलाच तर घासून काढावा आणि वरील कृती पुन्हा करावी. गंजक्या तव्यावरचे खाल्ल्याने धनुर्वात होत नाही. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात आणि जखमेतून शिरतात.

आता सासूबाईंच्या तव्याकडे येऊ. पुढच्या खेपेला त्यांनी तो पिशवीत घालून दाखवायला आणला. इतका सुरेख तयार केलेला तवा मी फार वर्षांनी पाहिला. काळाभोर, गुळगुळीत. मी मनापासून कौतुक केले. पण गोम तिथेच होती. जे कवच घावनाला तव्याला चिकटू देत नाही, तेच तव्यातले लोह घावनात उतरू देत नाही. तवा जितका चांगला मुरलेला, तितके त्यातून लोह कमी. शिवाय घावन तव्यावर असते दोन-तीन मिनिटे, आणि तांदळाच्या ताज्या पिठाला आंबटपणा नसतो.

लोह उतरते ते आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात. १९८६ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत बिडाच्या भांड्यात वेगवेगळे पदार्थ शिजवून लोह मोजले होते. सफरचंदाच्या शिजवलेल्या गरात शंभर ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असलेले लोह सात मिलिग्रॅमच्या पुढे गेले. मक्याच्या ब्रेडमध्ये मात्र वाढ नाममात्र होती. आपल्या घरात याचा अर्थ असा, की लोहासाठी लोखंडी कढई वेगळी ठेवावी. तीत आमसूल किंवा टोमॅटो घातलेली पालेभाजी, उसळ, आमटी शिजवावी आणि शिजताच स्टीलच्या भांड्यात काढावी. तशीच ठेवली तर काळी पडते आणि कडवट लोखंडी चव येते. वांगे, आवळा काळे पडतात ते त्यांच्यातल्या तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग होऊन. तो काळेपणा विषारी नाही. आंबट पदार्थ मुरलेल्या तव्यावर मात्र करू नयेत, कवच जाते. तवा पिठाचा, कढई भाजीची, अशी वाटणी करावी.

अशा भांड्यांचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. इथिओपियात लहान मुलांच्या एका गटाचे अन्न वर्षभर लोखंडी भांड्यांत आणि दुसऱ्याचे ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवले गेले. लोखंडी भांड्यांच्या गटात हिमोग्लोबिन जास्त वाढले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. आपल्याकडे गरज केवढी आहे पाहा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. तेव्हा कढई जरूर वापरा. पण कढईतून आज किती लोह मिळाले याचा हिशेब कोणालाच सांगता येत नाही, आणि जे मिळते त्यातलेही थोडेच अंगी लागते. जेवणाबरोबर लिंबू घेतले तर अधिक, जेवणावर लगेच चहा घेतला तर फारच कमी. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह मोजून भरलेले असते. ७.८ हिमोग्लोबिन आणि हाताशी तीन महिने, अशा वेळी कढईच्या भरवशावर बसता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. रक्त का कमी झाले हे तव्याला कळत नाही. माझ्याकडचे एक निवृत्त शिक्षक, वय ६६. हिमोग्लोबिन ९ झाले तेव्हा मुलाने कौतुकाने घरातली भांडी बदलली, खजूर-गूळ सुरू केला. सहा महिन्यांनी ते आले तेव्हा ७ झाले होते. त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ होती आणि तीतून थेंब थेंब रक्त जात होते. पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तक्षय झाला तर रक्त कुठे जाते आहे हे आधी शोधावे. लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखे काळे, चिकट शौच झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तरुणींमध्ये अंगावरून जास्त जाणे, जंत, मूळव्याध ही कारणे नेहमीची. थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना वरचेवर रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते. त्यांच्यासाठी लोखंडी भांड्यात शिजवू नये.

त्या मुलीला जंताचे औषध दिले आणि लोहाच्या दोन गोळ्या रोज सुरू केल्या. उपाशीपोटी मळमळते म्हणून जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. गोळीने शौच काळे होते, ते गोळीचेच लोह, घाबरू नका, हे दोघींनाही समजावले. सासूबाई रोज स्वतः समोर उभ्या राहून गोळी देऊ लागल्या. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.६ झाले. मार्गशीर्षात ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी, पावणेतीन किलोची. गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या आहेत, त्या चालू आहेत. तव्याशेजारी लोखंडी कढईही आली आहे. घावनाबरोबरचा चहा मात्र अजून सुटलेला नाही. पुढच्या महिन्यात बाळाच्या लसीसाठी येतील तेव्हा तो विषय काढणार आहे.