पैसा कुणाचा, हे आधी विचारा

वस्त्यांत आणि गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना परदेशी कर्जाची आणि मदतीची कागदपत्रं वाचायला शिकवणं, हे माझं बऱ्याच वर्षांपासूनचं काम. शिबिराला वस्तीतल्या महिला मंडळाच्या ताई येतात, धरणग्रस्तांच्या संघटनेतली तरुण मुलं येतात, कधी एखादे निवृत्त तलाठीही येतात. पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते : हा पैसा कुणाचा? उत्तर बहुतेक वेळा "सरकारचा" असं येतं. कुणी "वर्ल्ड बँकेचा" म्हणतं. मग मी विचारते, बँकेकडे तो कुठून आला? इथे वर्ग गप्प होतो.

जागतिक बँकेची आयडीए ही शाखा गरीब देशांना सवलतीत कर्ज देते. तिच्या तिजोरीत दर तीन वर्षांनी भर घालावी लागते, आणि ती घालतात प्रामुख्याने श्रीमंत देशांची सरकारं. त्यासाठी त्या त्या देशाच्या संसदेची मंजुरी लागते. म्हणजे तिथल्या शिक्षकाच्या, दुकानदाराच्या करातला पैसा फिरत फिरत गरीब देशातल्या एखाद्या धरणापर्यंत किंवा रस्त्यापर्यंत पोचतो. ज्याच्या करातून तो गेला त्याला हिशेब विचारता येतो आणि ज्याच्या दारात बुलडोझर आला त्यालाही विचारता येतो. ही दोन माणसं एकमेकांना सापडली की काय घडतं, याचं जगातलं सर्वात मोठं उदाहरण आपल्या सातपुड्यातलं आहे.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरणाच्या फुगवट्यात महाराष्ट्राची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं येत होती. त्यातलं अगदी पहिलं मणिबेली. घाटीतले भिल्ल-पावरा शेतकरी कुठे जाणार, त्यांना कोणती जमीन मिळणार, याचा धड आराखडाही नसताना करारावर सह्या झाल्या होत्या. नर्मदा बचाओ आंदोलनाचे मोर्चे, धरणी, उपोषणं आपण वर्तमानपत्रांत वाचली. मात्र त्याच काळात आंदोलन आणखी एक लढाई लढत होतं, आणि तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे.

ऑक्टोबर १९८९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर सरदार सरोवरावर सुनावणी झाली. मेधा पाटकर, गुजरातचे वकील गिरीश पटेल आणि पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांनी तिथे साक्ष दिली. त्यांना तिथवर नेण्यात अमेरिकेतल्या पर्यावरण संघटनांचा मोठा वाटा होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये टोकियोत तिथल्या संघटनांनी नर्मदेवर परिषद भरवली. जपान सरकार या धरणाच्या टर्बाइनसाठी कर्ज देत होतं. जपानी नागरिकांनी आपल्याच खासदारांना आणि मंत्रालयांना प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत जपानने ते कर्ज थांबवलं. घाटीतल्या माणसाचा आवाज मुंबई-दिल्लीच्या आधी टोकियोत ऐकला गेला, हे लिहिताना आजही मला त्रास होतो.

दबाव वाढल्यावर बँकेने १९९१ मध्ये एक स्वतंत्र आढावा नेमला. स्वतःच्याच प्रकल्पाची अशी बाहेरच्या माणसांकडून तपासणी बँकेने त्याआधी कधी करून घेतली नव्हती. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर उपाध्यक्ष होते. त्यांना बँकेच्या फायली उघडून देण्यात आल्या. ते गावोगाव फिरले. जून १९९२ मध्ये आलेला अहवाल इतका स्पष्ट होता की बँकेला तो गिळणं अवघड गेलं : अशा परिस्थितीत सर्व बाधितांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणाचा पुरेसा विचार झालेला नाही, बँकेने मागे सरावं. तरीही त्या ऑक्टोबरमध्ये बँकेच्या संचालकांनी सहा महिन्यांची मुदत देऊन पैसा चालू ठेवला. मार्च १९९३ च्या अखेरीस, मुदत संपता संपता, भारत सरकारने उरलेलं कर्ज आपणच नाकारलं.

खरी कमाई त्यानंतर झाली. आयडीएच्या तिजोरीत पुन्हा भर घालायची वेळ आली होती आणि अमेरिकेचा हिस्सा काँग्रेसच्या मंजुरीवर अडला होता. बार्नी फ्रँक हे संबंधित उपसमितीचे अध्यक्ष. संघटनांनी त्यांच्याकडे आग्रह धरला, आणि त्यांनी बँकेला बजावलं की तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा आणि माहिती खुली करण्याचं धोरण नसेल तर पैसा मिळणार नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेचं 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापन झालं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही बाधित भागातली दोन किंवा अधिक माणसं एकत्र येऊन लिहू शकतात की बँकेने स्वतःचेच नियम मोडले आणि त्यामुळे आमचं नुकसान झालं. १९९४ मध्ये बँकेकडे बदलांची मागणी करणारं निवेदन ४४ देशांतल्या ३२६ संघटना-आघाड्यांनी मान्य केलं. त्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'.

आता कटू भाग. बँक गेली, धरण झालंच. बँकेचा पैसा गेला तसे बँकेचे नियमही गेले आणि घाटीतल्या लोकांच्या हातातली ती एक दोरी सुटली. पुढची वर्षं त्यांना कोर्टात आणि रस्त्यावर काढावी लागली. म्हणून शिबिरात कुणी उत्साहाने "मग पैसाच बंद पाडू या" म्हणालं की मी थांबवते. पैसा बंद पाडणं हे शेवटचं हत्यार आहे. त्याआधी त्या पैशाला चिकटलेले नियम पाळायला लावता येतात का, ते बघायचं.

ते कसं करायचं, हे मुंबईच्या दुकानदारांनी दाखवलं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी, याला बँकेने २००२ मध्ये ५४ कोटी २० लाख डॉलर दिले. रेल्वेचे रूळ मोकळे करायचे होते, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते करायचे होते. बाधितांना २२५ चौरस फुटांची जागा ठरली. रुळालगतच्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला ती मोठी वाटली असेल, पण कुर्ल्यात ज्याचं मोठं दुकान आहे, हाताखाली कामगार आहेत, पिढ्यांचं गिऱ्हाईक आहे, त्याला तीच जागा देऊन मोकळं कसं होता येईल? २००४ मध्ये कुर्ल्याच्या दुकानदारांच्या संघटनेने थेट पॅनेलकडे तक्रार केली. त्यानंतर आणखी तीन गटांनी केली.

पॅनेलची माणसं मुंबईत आली. डिसेंबर २००५ च्या अहवालात त्यांनी बँकेच्याच कामावर बोट ठेवलं. बाधितांची संख्या आधी सुमारे ७७ हजार धरली होती, ती १ लाख २० हजारांच्या घरात निघाली. मध्यम दुकानदारांचा विचार जवळजवळ झालेलाच नव्हता. तक्रार ऐकण्याची व्यवस्था तोकडी होती. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांचा आणि पुनर्वसनाचा पैसा रोखला. दुकानदारांना जास्त पर्याय आणि तक्रारनिवारणाची बरी व्यवस्था यांवर राज्य सरकार हलल्यावर, जूनच्या अखेरीस तो पुन्हा सुरू झाला. सगळ्यांना मनासारखं मिळालं असं मी म्हणणार नाही. पण प्रकल्प चालू राहिला, नियमांची दोरीही हातात राहिली.

याच अहवालावरून मी शिकवते. प्रकल्पाच्या जाडजूड कागदपत्रांत सगळ्यांना एकच तक्ता शोधायला लावते : बाधित किती मोजले? मग ज्याने त्याने आपल्या गल्लीची यादी करायची. गुमास्ता परवाना, लाइट बिल, भाडेपावती, फोटोपास, जे असेल ते. एकदा एक ताई दोन दिवस काहीच बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक फुलस्केप वही काढली. प्रत्येक पानावर एक घर. पोटमाळ्यावरचं भाडेकरू कुटुंब वेगळ्या शाईने. सरकारी यादीत त्या पोटमाळ्यांचा पत्ताच नव्हता. तक्रार अशा वहीतून उभी राहते. घोषणा नंतर.

दुसऱ्या टोकाचं, म्हणजे करदात्याच्या बाजूचं, मला सर्वात आवडणारं उदाहरण ब्रिटनचं. मलेशियातल्या पेरगाऊ धरणाला ब्रिटिश सरकारने २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत देऊ केली. तिच्या पाठीमागे शस्त्रविक्रीचा व्यवहार होता. 'वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट' या संघटनेने सरकारला कोर्टात खेचलं आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये हायकोर्टाने ती मदत बेकायदा ठरवली. पुढे २००२ मध्ये ब्रिटनने कायदाच केला की मदत गरिबी हटवण्यासाठीच द्यायची.

आज मदतीवर लक्ष ठेवणाऱ्या संघटनांचं बरंचसं काम पॅरिसभोवती चालतं. श्रीमंत देणगीदार देशांची विकास साहाय्य समिती तिथे बसते. मदत कशाला म्हणायचं, हे तीच ठरवते. स्वतःच्या देशात आलेल्या निर्वासितांच्या पहिल्या वर्षाचा खर्चही सरकारं 'मदत' म्हणून दाखवू शकतात. युरोपातल्या संघटना दरवर्षी हा फुगवटा बाजूला काढून स्वतःचा हिशेब छापतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची, हे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांत १९७० मध्ये ठरलं. २०२४ मध्ये ते गाठणारे या समितीतले देश चारच : नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. त्या वर्षी एकूण मदत २१,२०० कोटी डॉलरच्या आसपास, आधीपेक्षा ७ टक्क्यांनी कमी. २०२५ मध्ये तर अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्थाच गुंडाळली. हिशेब मागणाऱ्यांना आता कपातीविरुद्धही भांडावं लागतंय.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणारे तालुक्याच्या गावचे छोटे गट त्यामुळे बसले. मी ओळखत होते त्यांतले काही आज नाहीत. पण लक्षात घ्या, प्रश्न विचारायला एफसीआरए लागत नाही. पॅनेलकडे अर्ज करायला फी नाही, वकील लागत नाही. जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेकडेही आक्षेप नोंदवण्याची अशीच पद्धत आहे. जायकाच्या कर्जावरच्या बुलेट ट्रेनसाठी जमीन जाणाऱ्या गुजरातच्या शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये जायकाला थेट पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी तिचे अधिकारी त्यांना भेटायला आले.

आणि आता आपण फक्त घेणारे राहिलेलो नाही. परराष्ट्र मंत्रालयात २०१२ पासून परदेशांना मदत देण्यासाठी वेगळा विभाग आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी रुपये होते. एक्झिम बँकेतर्फे आफ्रिकेतल्या देशांना आपण स्वस्त कर्जं देतो. त्या पैशातून तिथे धरण झालं, रस्ता झाला, तर कुणाचं घर गेलं? त्यांनी दाद कुठे मागायची? जागतिक बँकेसारखं तक्रार ऐकणारं पॅनेल आपल्या या मदतीसाठी नाही.

टोकियोतल्या माणसांनी १९९० मध्ये आपल्या सातपुड्यासाठी त्यांच्या सरकारला विचारलं. आज ती जागा आपली आहे. अर्थसंकल्पातल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मागण्या इंटरनेटवर खुल्या आहेत, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या खासदाराला एकदा लेखी विचारा की आपल्या पैशाने बाहेर जे बांधलं जातं, त्यात उठवल्या गेलेल्या माणसांसाठी नियम कोणते आहेत.