ठासणीची बंदूक आणि धोक्याची मुदत

बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरच्या आसपास जुनी माणसं वय सांगताना साल सांगत नसत. ‘रझाकारीत एवढा होतो’ म्हणून हात कमरेशी धरत. १९४८ च्या मे महिन्यात, हा बिदर जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, इथल्या गोर्टा गावात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, कत्तल केली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा, आणि पेशानं वकील! निजामाचे पोलीस वाचवायला येणार नाहीत हे कळल्यावर गावोगाव लोकांनी हाताला येईल ते हत्यार उचललं. त्यांना दोष कोण देईल? सरकारची मदत मागायला वेळच नसेल तर जीव वाचवण्यासाठी जीव घेण्याची मुभा १८६० ची भारतीय दंडसंहिताही देत होती.

पण त्याच मुभेला मुदत आहे. धोका संपला की हक्क संपला. १७ सप्टेंबरला निजामानं भारतीय फौजांपुढे शरणागती पत्करली, रझाकारांचा जोर मोडला, आणि मग हत्यारं उलट्या दिशेला वळली. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. त्यात बहुतेक मुसलमान, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बिदर. गोर्ट्याचा सूड म्हणून ज्याला मारलं, तो गोर्ट्याला गेलाही नसेल. याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. आपल्याकडे पहिली गोष्ट मोठ्यानं सांगतात, दुसरी दबक्या आवाजात. अहवालही कित्येक दशकं दडूनच होता.

स्वसंरक्षणाची हीच मर्यादा शेतातल्या बंदुकीलाही लागू आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवान्याची वाट ठेवली. रानडुकरं तूर, हरभरा उधळतात त्या भागाला ते सोयीचंच. मात्र परवाना बंदूक बाळगण्याचा, माणसावर झाडण्याचा नव्हे. शेंगा चोरून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे मारले तर शेतकरीच आरोपी. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण तिथंही गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि ‘हे स्वसंरक्षणच होतं’ हे कोर्टाला पटवायचं काम गोळी झाडणाऱ्याकडेच.

२०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी नवी संहिता आली. स्वसंरक्षणाला वेसण घालणाऱ्या जुन्या कलम ९९ चा आकडा आता ३७ आहे. आशय तोच.