अलिफपासून वीस सातपर्यंत

मराठवाड्यातल्या रेणापुरात नव्वदी गाठलेल्या एखाद्या आजोबांना शाळेबद्दल विचारा. ते अलिफ-बेपासून सुरुवात करतील. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू होतं आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवायचं. घरात मराठी, वर्गात उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदललं, मग शाळेची भाषाही. अभ्यासक्रम एवढा मुळापासून पुन्हा कधी बदलला नाही.

पुढचे बदल सरकारी कागदावरून आले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि रेणापूरच्या पोराच्या हाती पुण्यात तयार झालेलं पुस्तक पडू लागलं. १९७५ पासून अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. २००० पासून मराठी शाळेत पहिलीलाच इंग्रजी.

२०१९ मध्ये तर दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ आलं. जोडाक्षरांनी मुलं अडखळतात, हे कारण मला पटलं. पण आरडाओरडा एवढा झाला, की उर्दू जाऊन मराठी आली तेव्हाही कदाचित झाला नसेल!